आधी जेवलात का?

बाबा, तुमचं वाक्य आज पुन्हा काढून टाकलं. इंटरनेटवर एक विश्वकोश आहे, कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं असा, लष्कराच्या भाकऱ्याच म्हणा ना. त्यात सुकेळीवर धड काही नव्हतं, म्हणून मी लिहिलं, की आगाशीला राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि रोज संध्याकाळी केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळून ठेवतात, म्हणजे ती मऊ राहतात. अंगणात उकिडवे बसून तुम्ही हेच करायचात. पण कुठलासा एक संपादक ते खोडतो आणि लिहितो, "छापील संदर्भ द्या." मी परत घालते, तो परत काढतो. वडील सांगायचे असं म्हटलं, तर म्हणाला, "वडिलांवर अविश्वास नाही, पण वाचकाने त्यांना कुठे गाठायचं?" संताप आला. मग रडू आलं, कारण ते मलाही कळत नाही.

तावातावाने उत्तर लिहायला बसले आणि तुम्ही आठवलात. पाटाच्या पाण्यावरून शेजारच्या काकांशी जुंपायची, तेव्हा कुंपणाशी जाऊन तुम्ही आधी ओरडायचात, "जेवलास का रे?" तिकडून "जेवलो, आता बोल!" आणि मग तासभर नुसता कल्ला. मी हसले की मला दटावायचात, "उपाशी मानसाशी भांडन करू नये." म्हणून मीही लिहिलं, "जेवलात का? आता ऐका." उत्तर आलं, "जेवलो. संदर्भ?" तेव्हापासून आम्ही असेच भांडतो. एकमेकांचं नावगावही ठाऊक नाही.

तुम्ही गेल्यावर केळीची वाडी विकून बोळिंजला फ्लॅट घेतला, मग आई गेली, आता घरात मी एकटीच. नेट फोनच्याच तारेवरून येतं, ते लावलं की फोन बंद पडतो, तसाही तो कोणाचा येत नाही. गेल्या आठवड्यात आगाशीच्या वाचनालयात एक जुनी स्मरणिका मिळाली. तिच्यात सुकेळीची सगळी कृती छापली आहे, सुक्या पानांसकट. तुमचंच खरं होतं, बाबा. पण हा संदर्भ जोडला की तो "मान्य" म्हणेल आणि दुसऱ्या कुठल्या लेखाकडे निघून जाईल. तुम्हाला अजून थोडे दिवस विश्वकोशाबाहेर थांबावं लागेल. आज माझ्याआधी त्यानेच विचारलं, "जेवलात का?" मी कुकरही लावला नव्हता. "जेवले," मी लिहिलं. "संदर्भ शोधतेय. सापडत नाही."