ग्रॅपलिंग आणि मूठभर माती

पुणे, २ जानेवारी

ती. काशिकाकांना मनस्वीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला तुमच्याशिवाय वाली नाही, म्हणून हे पत्र. बारा तारखेच्या रविवारी कॉलेजच्या स्पर्धेत मी ग्रॅपलिंग खेळणार आहे. बाबा म्हणाले, मुलीच्या जातीला शोभत नाही, मी बघायलाही येणार नाही. तुम्ही थोरले भाऊ, जत्रेत कुस्त्या मारलेले. तुम्ही सांगा ना. ते आले नाहीत तर माझा पायच उचलणार नाही.

ग्रॅपलिंग म्हणजे काय, हे तुम्ही विचारणारच. ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याला धरायचं, झोंबायचं, सुटू द्यायचं नाही. इंग्रजीत रोजच्या बोलण्यातही हा शब्द येतो. कुणी गणिताशी ग्रॅपल करतो, कुणी पाणीटंचाईशी. मी सध्या बाबांशी.

काकूला नमस्कार. तुमची माझ्यावर माया आहेच, ती या वेळी जरा बाबांसमोरही दाखवा.

तुमची मनस्वी

विचुंबे, ७ जानेवारी

चि. मनस्वीस अनेक आशीर्वाद.

एवढं इंग्रजी शिकून शेवटी झोंबीच ना गं! तुझ्या बापाला, प्रणितला समजावलं. तो नाय म्हंजे नाय म्हणाला. लहानपणी तो माझे कपडे सांभाळत आखाड्याच्या कडेला बसायचा आणि मी पडलो की रडायचा. त्याला लाजबीज काही वाटत नाही, तुला पडताना बघायची भीती वाटते. हे त्याला सांगू नकोस, आठवडाभर फुगून बसेल.

मी दुसरा डाव टाकलाय. आपल्या आखाड्याची हळद-ताक घालून मळलेली मूठभर माती त्याच्याकडे दिली. कुस्तीआधी घरच्या माणसाने हाताला माती लावायची, ही आपली रीत. ती मोडायची हिंमत त्याच्यात नाही. कुरिअरने पाठवतो म्हणाला. मला ऐकू आलं नाही.

पोटभर जेव. काकू भाकऱ्या खायची आठवण करून देते.

तुझा काशिकाका

पुणे, १३ जानेवारी

ती. काकांना सा. न.

बाबा आले! पळस्प्याला ट्रॅफिकमध्ये तासभर अडकले म्हणून तणतणत, पण मातीची पिशवी छातीशी धरून. ग्रॅपलिंग मातीत नाही, गादीवर खेळतात, हे तुम्हाला कळवायचं राहून गेलं. बाबांनी माझ्या तळव्यांना माती चोळली, पांढऱ्या गादीवर ठसे उमटले आणि पंच ओरडले. मी शरमेने मेले. बाबा मात्र सगळ्यांदेखत गुडघे टेकून इस्त्रीच्या रुमालाने डाग पुसत बसले. पंचांना म्हणाले, आमच्या घरची रीत हाय. ऑफिसात जन्मभर शुद्ध बोललेला माणूस!

मी हरले, काका. पडले तेव्हा कडेला कुणीतरी हुंदका दिला. बाबाच होते, तोच मातकट रुमाल तोंडावर धरून. मला फार बरं वाटलं.

निघताना मी तो धुवायला मागितला. त्यांनी घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, राहू दे, पुढच्या वेळी लागेल.

उद्या तिळगूळ खा आणि गोड बोलण्याऐवजी चिडवत राहा.

तुमची मनस्वी