निळा थेंब

मंगळवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझ्या ठमीचा खोकला गेला. जेवते नीट. नव्या नोकरीत तुझा जीव रमला का?

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोनवर तू पहिल्याच वाक्याला आदळआपट केली असतीस.

आमच्या सातवीला या वेळी कागदी तक्ते न देता ऑनलाइन पोस्टर करायला लावलं. फोटो, आवाज, व्हिडिओ सगळं एकाच पानावर. चित्रावर बोट ठेवलं की पोर बोलायला लागतं. विषय होता पाणी. एका पठ्ठ्याने घरच्या गळक्या नळाचा व्हिडिओ टाकून खाली लिहिलं, ‘बाबांना सांगून थकलो.’ हसून हसून पुरेवाट झाली.

ठमीचं पोस्टरही छान होतं. विहीर, टाकी, नळ. आणि कोपऱ्यात एक निळा थेंब. मी त्यावर बोट ठेवलं.

“बाबा, मी आता मावशीकडे असते. मी मावशीच्याच शाळेत आहे. मला पोहता येतं आता. तू शिकवणार होतास ना?”

ताई, पोस्टर वर्गापुरतंच ठेवा, असं बजावलं होतं. हिने सगळ्यांसाठी उघडं करून दुवा भावजींच्या जुन्या ईमेलवर धाडलेला. खाली एकच शब्द आलेला: ‘ऐकलं.’

मी पोस्टर लगेच बंद केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

काल मधल्या सुट्टीत ते फाटकाशी उभे होते. वाळलेत. मी सरळ म्हटलं, “ताईला विचारल्याशिवाय नाही.”

“बरोबर आहे तुमचं,” म्हणाले आणि वळलेसुद्धा. तेवढ्यात ही बया मैदानातून धावत आली.

मग मला अडवता आलं नाही. वर्गात बसवलं, दार सताड उघडं, बाहेर शिपाईमामा आणि मी. तिने त्यांना अख्खं पोस्टर दाखवलं, टाकीत पाणी कसं चढतं तेसुद्धा. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. निघताना विचारलं, “आईला सांगशील, मी आलो होतो?”

“मी नाही. मावशी सांगेल.”

तर सांगितलं.

बाबांनी आपल्याला टाकलं, असं तू तिला सांगितलंस. ते म्हणतात, तुम्ही पत्ता न ठेवता गेलात. खरं कोणाचं, मला ठाऊक नाही. कालपासून फाटक वाजलं की मी आधी ठमी कुठे आहे ते बघते. उद्या तिचा हात धरून निघाले तर मी काय करू? आणि तीच हसत गेली तर?

शनिवारी परत येणार आहेत. मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायला तोंड उघडेना. तू शुक्रवारीच ये. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण त्या दिवशी दारात तू हवीस.

तोवर तुझ्या लेकीला डोळ्यांआड न करणारी,
तुझी धाकटी