हायलायटर आणि ह्यांचा नंबर

शनि., ४ जाने.
सांगलीला ताईकडे. मेकअपच्या दुकानातल्या पोरीने सहज म्हणून गालाच्या हाडावर हायलायटर लावून दिला. आरशात बघितलं. झोप पूर्ण झालेली बाई दिसली. मीच. किंमत साडेचार हजार. ताई म्हणाली, "घे की, कमावतीस ना?" जवळ रोख नव्हती तेवढी. नाही घेतला.
संध्याकाळच्या एसटीने वडूजला घरी. दारातच सासूबाई. "तोंड का चकाकतंय? घाम पूस आधी."
पुसला.

रवि., ५
तोच हायलायटर मोबाईलवर सापडला. सगळं भरलं, शेवटी ओटीपी. तो जातो ह्यांच्या फोनवर, जम्मूला पोस्टिंगवर. लग्न झालं तेव्हाच म्हणाले होते, "खात्याला माझा नंबर राहू दे, तुला कशाला ताप." आठ वर्षं शाळेत शिकवते. पगार माझा, मेसेज ह्यांना. गॅसवाल्याला पैसे दिले तरी संध्याकाळच्या फोनवर विचारणा. रागाने नाही. सहजच.
खरेदी तिथंच सोडली.

मंगळ., ७
धीर करून ह्यांना फोनवर सांगितलं. हे हसले.
"तोंडाला लावायचं? साडेचार हजाराचं? आन् दावायचंय कुणाला, मी तर हितं हाय."
मग लगेच, "बरं, घे. मी कवा नको म्हटलंय?"
खरंच, कधी नको म्हणत नाहीत. दारू नाही, हात उगारणं नाही. तक्रार सांगायची तर काय सांगायची...
पुन्हा सगळं भरलं, ओटीपी पाठवला त्यांनी. सहा आकडे. नुसती बघत बसले. मुदत संपली.

शुक्र., १०
मधल्या सुट्टीत बँकेत. नंबर बदलायचाय म्हटलं. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मिस्टरांना माहितीय ना मॅडम? खातं जॉइंट आहे, त्यांची सही लागेल." मागे रांगेत गावातले दोघे, कान टवकारून. तशीच परत आले. वेगळं खातं काढता येईल का, हे विचारायचं राहिलंच. राहिलं, की मीच...

गुरु., १६
पार्सल आलं. हायलायटर. ह्यांनीच परस्पर मागवला. सा.बा.नी फोडून शेजारच्या काकूंना दाखवला. "सीमेवर बसून बायकूचं कवतिक करतोय बगा. नशीब काढलंस पोरी!" काकूंनी मनगटावर लावून बघितला.
तोच आहे, तसाच सुंदर. लावून व्हिडिओ कॉलला बसले. हसले. हे लय खूष.
मला हवा होता तो हाच, आणि आता हा नकोय. कुणाला पटेल?

रवि., १९
पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतायत. आल्यावर बोलणं होणार नाही, पाहुणेच फार. म्हणून आजच, मेथी निवडता निवडता, फोनवर एका दमात बोलून टाकलं. "आवं, माझ्या पगाराच्या खात्याला माझा नंबर लावायचाय. तुमची सही पाहिजे."
वाटलं रेंज गेली.
"तुला काय कमी केलंय का मी?"
"न्हाई."
"मग?"
"माझा पगार हाय म्हणून," एवढंच.
मग म्हणाले, "आईकडं दे फोन."
दिला. सा.बा. फोन घेऊन घरामागच्या परड्यात गेल्या. इथवर तुटक ऐकू येतंय. "व्हय... व्हय... न्हाई रं, मला कुठं काय बोलली?"
अजून बोलतायत.