होटगीहून येणारे रंग

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज परत विचारलं त्याने. कॉम्प्युटरने! "ही फाईल दुसऱ्या फाईलला जोडलेली आहे, अपडेट करायचं का?" रोज सकाळी विचारतो आणि रोज मी हो म्हणते. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मला इतक्या आपुलकीने दुसरं कुणी काही विचारत नाही.

हो म्हटलं की आधी काहीच होत नाही. मग रकाना जरासा हलतो आणि होटगीहून रंग येतात. बसूचे. कुठल्या नमुन्याला कुठला रंग लागला, पक्का बसला की धुण्यात उतरला. रंगखातं दसऱ्यानंतर होटगीच्या नव्या शेडमध्ये गेलं, त्याच्याबरोबर बसूही गेला. त्याआधी तो शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि शेजारी होता तेव्हा मी त्याच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. नखांत कायम निळं काहीतरी असायचं, एवढंच आठवतं. आता त्याच्या फाईलमधून माझ्या फाईलमध्ये एक आकडा येतो आणि वाटतं, तो स्वतःच दारातून आत आला. वेडेपणा आहे. असू दे. इथे कोण वाचतंय!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज पाण्याचा दिवस. पिंप, घागरी, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरला. कामावर उशीर. रंग मात्र वेळेवर आले होते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं आणि आईने अकलूजचा विषय काढलाच. मुलगा अभिमन्यू, डेअरीत नोकरीला. मामांनी आणलेलं स्थळ. दिवाळीआधी बघून गेला. चांगला आहे, खोट काढायला जागा नाही. मला विचारलं, तुम्हाला काय करायला आवडतं? मी म्हटलं, बघत बसायला. तो सभ्यपणे हसला. त्यांचा होकार येऊन पडलाय, अडलंय ते माझ्यापाशी. आई म्हणाली, येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत काय ते सांग, लोकांना किती ताटकळत ठेवायचं? बाबांनी पेपरचं पान उलटलं. त्यांचं मत तेवढंच.

वाट कशाची बघतेस म्हणून विचारलं तर सांगू काय? रकान्याची?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

हसरू!

रंगाच्या नावाच्या जागी नेहमी नंबर असतो. आज तिथे हा शब्द. "हसरु" — उकार ऱ्हस्व, पण बसूचं शुद्धलेखन पहिल्यापासून तसंच. मी बराच वेळ नुसती बघत बसले. मग हळूच इकडेतिकडे पाहिलं, जसं काही तो शब्द मोठ्याने वाजला असावा.

मी हसते खरी. उगाचच हसते, शाळेत बाई उभं करायच्या त्यासाठी. त्याच्या ते लक्षात होतं तर. मला सांगायचं कसं, तर असं. फोन नाही, मेसेज नाही. एका चौकटीत एक शब्द ठेवायचा, मी सकाळी हो म्हटलं की तो माझ्याकडे यावा. मला फार आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

शनिवार, ८ नोव्हेंबर

हसरू अजून आहे. जेवायला गेले नाही, भूकच नव्हती. खिडकीतून गच्चीवर वाळत घातलेले टॉवेल दिसत होते. वाऱ्याने सगळे एका बाजूला कलायचे, होटगीच्या बाजूला. मला वाटलं, रुळाच्या कडेने एक तार जात असेल, तिच्यातून हिरवा, मग पिवळा, मग जांभळा असं काहीतरी हळूहळू सरकत येत असेल आणि रुळाकाठच्या शेळ्यांना कळतही नसेल. श्रीदेवीने कोपराने ढोसलं. म्हणाली, कुटं हाईस? मी म्हटलं, हितंच. नव्हते.

सोमवार, १० नोव्हेंबर

इंद्रजीत सरांनी सगळ्यांना उभं केलं. एका हॉटेलचे पिस्ता रंगाचे नॅपकिन जांभळे होऊन आले! कुणाच्यातरी फाईलने जुनाच नंबर धरून ठेवला होता. शिवाय सगळ्या फायली नव्या सर्व्हरवर जायच्या आहेत. तेव्हा शुक्रवारपर्यंत सगळ्या जोडण्या तोडा, फायलींना नवी नावं द्या, नव्या फोल्डरमध्ये ठेवा. होटगीला एवढंच कळवलंय की रंग आता मेलवर पाठवा. ज्याची फाईल त्याच्यापाशी, कुणी कुणावर अवलंबून राहायचं नाही, म्हणाले. सर स्वतः डबा सासूबाईंकडून आणतात, ते सोडा.

जोडण्यांची खिडकी उघडून बघितली. माझ्या यादीत एकच नाव. खाली बटण — ब्रेक लिंक. दाबलं की आकडे जातात असं नाही. असतात तसेच राहतात, बघणाऱ्याला फरकही कळत नाही. फक्त पुन्हा कधी बदलत नाहीत. खिडकी बंद केली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बसूला मेसेज लिहिला. पुसला. लिहिला. पुसला. आई विचारते, काय ठरलं?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

श्रीदेवी अक्कलकोटची. घरी कानडी, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही. आज माझ्या मागे उभी राहून केस बांधत होती, स्क्रीनवर नजर गेली. मला राहवलं नाही. सहज विचारल्यासारखं केलं — बसूने हे बघ ना काय लिहिलंय, हसरू.

"हसरु म्हंजे हिरवं की गं. कानडीत. तिकडं रंगाला हाय ती माणसं समदी आमच्याकडची, त्यांना नंबर कुटं कळतोय?"

आणि केसांना पिन लावत निघून गेली.

हिरवं. पोपटी टॉवेलचं हिरवं. शेजारच्या चौकटीत नमुना होताच, नीट बघितला असता तर कळलं असतं. जन्म सोलापुरात गेला आणि मला बा, होग, बेडा यापलीकडे कानडी येत नाही! हसायला आलं. मग हसता हसता भलतंच काहीतरी व्हायला लागलं, म्हणून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. कुणी माझ्याशी काही बोललंच नव्हतं. आठवडाभर मी एका हिरव्या रंगाशी बोलत होते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी तारीख टाकली, काम उरकलं आणि जोडणी तोडली. कॉम्प्युटरने बजावलं, हे परत फिरवता येणार नाही. हो म्हटलं. फाईलला नवं नाव दिलं, नव्या फोल्डरमध्ये ठेवली. रंग होते तसेच आहेत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

फाईल उघडली. काहीही न विचारता उघडली.

रविवार, १६ नोव्हेंबर

आईला होकार सांगितला. तिने गालावरून हात फिरवून बोटं मोडली. लगेच फोन करायला निघाली होती, पण बाबा बोलले, बोलले म्हणजे खरंच बोलले! म्हणाले, स्थळ मामांनी आणलं, कळवतीलही तेच. मामा मंद्रूपला गेलेत. मंगळवारी येतील, मग आमच्याकडे बसून अकलूजला फोन करतील. मी भाकऱ्या थापल्या. एकही फाटली नाही. वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दुपारी बसू आला. होटगीहून, सुट्टी टाकून. कारखान्याच्या दारात उभा, हातात हेल्मेट. माझ्याकडे बघून त्याने मोठा श्वास सोडला आणि परत निघाला. मीच मागे गेले. काय झालं, विचारलं.

"तुमची तारीख शुक्रवारवरच थांबली हो. शनिवारी बदलली न्हाय, काल बी न्हाय. म्हटलं, आजारी हायेत का काय."

माझ्या फाईलच्या वरच्या कोपऱ्यात मी रोज आल्या आल्या तारीख टाकते. त्याने तेवढी एक चौकट आपल्या फाईलला जोडली होती, होटगीला गेला त्या दिवसापासून. रंगाच्या कामात तिचा काही उपयोग नाही. मी फाईल नव्या नावाने हलवली आणि त्याची चौकट जुन्याच फाईलकडे बघत राहिली. मी विचारलं, कशाला?

"ती बदलली की कळतंय, तुमी आलाय. मग मी कामाला लागतो."

जोडण्यांच्या त्या खिडकीत आपण कुणाकडून घेतो तेवढंच दिसतं. आपल्याकडून कोण घेतंय, ते दिसतच नाही.

सरांना न विचारता निघाले. घरी मामा येऊन बसले होते, अकलूजचा नंबर लावत होते. मी चपलाही काढल्या नाहीत. म्हटलं, मामा, थांबा.