बावीस वेळा अतिउत्तम

७८६
पुणे, ६ सप्टेंबर २००४

ती. मेहनाजखाला यांना गुलफशाचे मनापासून सलाम, वि. वि.

शफीखालू डोळे तपासायला आले होते, ते उद्या सकाळच्या एसटीने भोरला परत येतील. त्यांच्या पिशवीत डोळ्यांच्या थेंबांबरोबर तीन सपाट डबे आहेत. डबे मिठाईचे नाहीत, हे आधीच सांगते, म्हणजे उघडल्यावर माझ्या नावाने बोटं मोडायला नकोत.

हीच आमची नवी स्लेट. कॉम्प्युटरच, पण पाटीएवढा. कीबोर्ड नाही, माऊस नाही. काचेवर पेन टेकवलं की पुढचं पान उघडतं. मागच्याच आठवड्यात पुण्यातल्या एका हॉटेलात तिचा समारंभ झाला. तिच्यातली मराठी पानं सगळी मी केली आहेत, म्हणून ती थोडी माझीच लेक समजा.

आता कामाचं. कंपनीला गावाकडच्या ग्राहकांचं मत हवं आहे. मत चांगलं आलं तर अंगणवाड्यांसाठी दोन हजार स्लेटी करायच्या आणि त्या कामाची प्रमुख मी. नाही आलं तर आमची तुकडी मोडणार आणि मला हैदराबादला बँकांच्या कामावर धाडणार. तिथली बिर्याणी चांगली असते, असं सांगून कुणी माझी समजूत घालू नये.

एक स्लेट मार्गासनीच्या रतनबाईंना द्या. तुमच्या हाताखाली शिकलेल्या आणि आता अंगणवाडी चालवणाऱ्या बाई आपल्या ओळखीत त्याच आहेत. मुलांची वजनं त्यांनी तिच्यात नोंदवायची. दुसरी भोंगवलीच्या गेनूकाकांना, पिकांवरच्या किडीची माहिती आत आहे. तिसरी तुम्हाला, पत्रं लिहायला. वापरणाऱ्यांनी, बघणाऱ्यांनी सोबतच्या कागदावर खूण करायची: अतिउत्तम, उत्तम किंवा ठीक.

तब्येतीला जपा आणि माझ्यावर रागावायचं ते नेहमीसारखंच, जेवणानंतर रागवा.

तुमची
गुलफशा


७८६
भोर, २० सप्टेंबर २००४

चि. गुलफशा हिला खालाच्या खूप खूप दुवा.

तुझी लेक सुखरूप पोचली. तुझ्या खालूंनी पहिल्याच दिवशी तिच्यावर दोन कप आणि खारीची बशी ठेवून मला चहा आणून दिला. ट्रे म्हणून ती उत्तम आहे, एवढं मत त्यांच्याकडून लिहून घे.

मी तिच्यावर माझं नाव लिहून पाहिलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आमच्या बोटांवर पट्टी मारून मारून अक्षर वळवलं होतं. इतक्या वर्षांत शाळेच्या फळ्यावरसुद्धा ते बिघडलं नाही. तुझ्या काचेवर मात्र पेन असं घसरलं, की लिहिणारी मी का आमची कोंबडी, ते कळेना. असो. नव्या वस्तूला हात बसायला वेळ लागतो.

गेनूंकडे स्लेटीचा थाट आहे. टीव्हीच्या डोक्यावर विणलेला रुमाल, त्यावर ती, तिच्यावर पुन्हा रुमाल. येणाऱ्या-जाणाऱ्याला रुमाल उचलून दाखवतात आणि ही शफीच्या पोरीनं केली म्हणून सांगतात. बघणाऱ्याने हात पुसायचे, मग खूण करायची. गेनू म्हणाले की त्यांच्या भावकीत आजवर कुठल्या कागदावर एवढं एकमत झालं नव्हतं.

रतन भेटली. तिला मी अजून रतनच म्हणते, ती पन्नाशीला आली तरी. मॅडमची वस्तू लई गुणाची हाय, म्हणाली. तुला ती मॅडम म्हणते हे ऐकून मला हसू आलं. चौथीत असताना तू तिच्या ओट्यावरून पडलीस तेव्हा तिनेच तुला कडेवर घेऊन नसरापूरला डॉक्टरकडे पोचवलं होतं.

बावीस कागद सोबत पाठवते. बावीसही अतिउत्तम. त्यात एक माझा आहे. वाईट म्हणायला तुम्ही जागाच ठेवली नाही, हे शिक्षिकेच्या नजरेतून सुटलेलं नाही.

रात्री अर्धपोटी झोपू नकोस. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
खाला


७८६
पुणे, ४ ऑक्टोबर २००४

ती. मेहनाजखालांना गुलफशाचे सलाम, आणि आज जरा जास्तच, वि. वि.

बावीस कागदांनी ऑफिसात धमाल केली. साहेबांनी ते भिंतीवर ओळीने लावले आहेत. शहरातल्या ग्राहकांनी आम्हाला जड म्हटलं, महाग म्हटलं, एकाने तर हिच्यापेक्षा खरी पाटी बरी, फुटली तरी दुसरी मिळते, असं लिहून दिलं. आणि भोर-वेल्ह्याकडून मात्र नुसता गुलाबपाण्याचा शिडकावा. साहेब म्हणाले की हे खरे ग्राहक.

नोव्हेंबरअखेर ते दोन हजार स्लेटींचा निर्णय घेणार आहेत. बोलण्यावरून तरी मी प्रमुख झाल्यातच जमा आहे. माझ्यासाठी खुर्चीसुद्धा पाहून ठेवली आहे, चाकांची. खालूंना सांगा, हिच्यावर कप ठेवता येणार नाहीत.

एकच गंमत. साहेबांना एखादी तक्रारही हवी आहे, म्हणजे अहवाल खरा वाटतो म्हणे. जेवणात लोणचं असावं तशी, पानाच्या कडेला. कुणाकडून तरी एक छोटीशी मिळवा ना.

रमजान जवळ आला. उन्हाचं फार फिरू नका. माझी आठवण येत राहो, उचकी लागेपर्यंत.

तुमची
गुलफशा


७८६
भोर, १९ ऑक्टोबर २००४

चि. गुलफशा हिला खालाच्या खूप दुवा.

तू लोणचं मागितलंस आणि मी विचारात पडले. आम्ही बोर्डिंगच्या मुली दर रविवारी घरी पत्र लिहायचो. ते पाकिटात घालण्याआधी सिस्टर वाचायच्या. त्यामुळे बारा वर्षांची मी दर रविवारी एकच लिही, मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे. तापाने फणफणले होते त्या रविवारीही हेच. अब्बांनी पुढे सांगितलं, की इतकी मजेत असलेली पोर पाहून त्यांना काळजी वाटायची. तुझे बावीस कागद आठवले आणि मला अब्बांसारखंच झालं.

मी तुझ्या खालूंना समोर बसवून विचारलं. रोजा असल्यामुळे चहा नव्हता, म्हणून फार टिकले नाहीत. स्लेटी पोचवताना त्यांनी प्रत्येक घरी सांगितलं होतं, की पोरीची नोकरी आता तुमच्या खुणेवर आहे, हिला हैदराबादला धाडू नका. चांगल्यासाठीच केलं, म्हणाले. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, गाडी भरल्याशिवाय त्यांना घंटा मारवत नाही.

मग मी एक उद्योग केला. सिस्टरनी ऐकलं असतं तर मला बाकावर उभी केली असती. तुझ्या स्लेटीचं हिरवं कव्हर काढून मी लाल कापडाचं शिवलं, कंपनीच्या नावावर चिठ्ठी डकवली आणि भोंगवलीला गेले. गेनूंकडची स्लेट तपासायला म्हणून मागून घेतली, खालूंबरोबर बाहेर पाठवली, त्यांनी तिच्यावरच्या नावावरही चिठ्ठी डकवून ती लाल कव्हरात घालून आणली. मी म्हटलं, ही दुसऱ्या कंपनीची आहे, गुलूच्या विरोधातली. जरा नीट पाहून हिच्यातले दोष सांगा.

गुलू, गेनूंनी बाह्या सरसावल्या. ही जड हाय. हिची काच डोळ्यावर येती. हिला दर तीन तासांनी वीज लागती आणि वीज तर हितं पाव्हण्यासारखी येती. किडीचं चित्र असं, की कीड हाय का बोंड, ते किडीलाच विचारावं लागंल. त्यांची सून वैष्णवी म्हणाली की मामंजी, आपली हिच्यापेक्षा लई उजवी. गेनू म्हणाले की व्हय तर, आपलीचा उजेडच येगळा. सहा आठवडे टीव्हीवर बसलेली आपली स्लेट त्या घरात एकालाही ओळखता आली नाही.

खालू हसू दाबायला गोठ्यात गेले. मला घरी येईपर्यंत हसू आलं नाही.

परवा मार्गासनीला जाते. तोवर साहेबांना काही बोलू नकोस. माझ्या या लबाडीची नोंद अल्लाहकडे झालीच आहे, तुझ्याकडे नको.

तुझी
खाला


७८६
भोर, २९ ऑक्टोबर २००४

चि. गुलफशा हिला खालाच्या दुवा, आणि थोडी माफीही.

हे पत्र आठवडाभर लिहून ठेवलं होतं. आज टाकते.

रतनची स्लेटही तशीच मागून घेऊन लाल कव्हरात घातली, ते तिच्यासमोर ठेवलं आणि तीच गोष्ट सांगितली. तिने हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, की बाई, ही तीच हाय. हितं टवका गेलाय, तो माझ्याच हातनं. खोटं पकडलं गेल्यावर मी तिच्या वर्गात असते तर उठून उभी राहिले असते.

तिने खरंच वापरली होती. दर सोमवारी. मी काही विचारण्याआधीच ती आत गेली आणि जुनं कागदी रजिस्टर घेऊन आली. स्लेट आल्यापासूनचं प्रत्येक वजन त्यात शाईने लिहिलेलं आहे.

खोलीत अंधार असतो म्हणून ती मुलांना बाहेर आंब्याखाली तोलते. फांदीला काटा टांगलेला, त्याला झोळी, झोळीत पोर. उन्हात तुझी काच आरशासारखी होते, तिला त्यात स्वतःचंच तोंड दिसतं. मग ती डोक्यावरून पदर स्लेटीवर ओढून घेते आणि आत मान घालून आकडा लिहिते. तेवढ्यात झोळीतलं पोर रडून खाली. दोनदा आतली वीज संपून स्लेट मध्येच बंद पडली तेव्हा अकरा मुलांची वजनं पुसली गेली. त्यात तिथल्या ज्ञानूची धाकटी होती, दोन महिन्यांत पाऊण किलो उतरलेली. रजिस्टर होतं म्हणून रतनला ते दिसलं आणि तिने पोरीला डॉक्टरकडे नेलं. आता बरी आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर रतनने माझा हात धरला. हे मॅडमला लिहू नका, म्हणाली. माझं काय जातंय, म्या दोन्हीकडं लिहीन, पोरीची नोकरी ऱ्हाऊ द्या. गुलू, ती दोन्हीकडे लिहील. उरलेल्या दोन हजार बायांतल्या किती लिहितील?

तू हैदराबादला गेलीस तर मला इथून तिथलं अंतर मोजत बसावं लागेल, हे मला माहीत आहे. तरी लिहिते आहे. माझा अतिउत्तम मी परत घेते. नवा कागद सोबत आहे, तुमच्या तीन चौकटींच्या खाली चौथी मी पट्टीने आखली आहे.

रागावलीस तरी पत्र लिही. न लिहिलेला राग मला वाचता येत नाही.

तुझी
खाला


७८६
पुणे, २४ नोव्हेंबर २००४

ती. मेहनाजखालांना गुलफशाचे सलाम, वि. वि.

ईदला आले तेव्हा मी या विषयावर एक शब्द बोलले नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत. नुसता शीरखुर्मा वाढत राहिलात. चौथ्या वाटीला मला कळलं की तुम्ही घाबरल्या आहात. रागावले होते, हे खरं. तुमच्यावर दोन दिवस, स्वतःवर त्याहून जास्त. त्या पानांवर मी वर्षभर काम केलं, पण ऑफिसच्या खिडकीला पडदे आहेत. आंब्याखाली मी एकदाही बसले नाही.

काल बैठक झाली. भिंतीवरचे बावीस कागद मी स्वतः उतरवले आणि तुमची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. गेनूकाकांच्या किडीला सगळे हसले. ज्ञानूच्या मुलीपाशी मात्र कुणी हसलं नाही. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले की हे लोणचं नाही, हे अख्खं जेवण आहे.

दोन हजारांचं काम थांबलं. जूनपर्यंत स्लेट दुरुस्त करायची, नाही जमलं तर बंद. तुकडी मोडली नाही, पण प्रमुख दुसरे झाले, मुंबईहून येतात. मी त्यांच्या हाताखाली. चाकांची खुर्ची त्यांना गेली. हैदराबाद जूनपर्यंत टळलं, पुढचं माहीत नाही.

मी साहेबांकडे आठ दिवस मागितले आहेत, मार्गासनीत राहायला. पण रतनबाई आता माझ्याशी बोलतील का? त्यांना खालूंकडून कळेलच, की काम माझ्या हातून गेलं. त्यांना वाटेल त्यांच्यामुळे. मी त्यांनाही आजच पत्र टाकते आहे, उत्तर येईल की नाही माहीत नाही. तुम्ही मध्ये पडू नका. खालूंना तर पडूच देऊ नका.

चूक पोटात घालण्याची तुमची सवय आहे तशीच राहो.

तुमची
गुलफशा


॥ श्री ॥
मार्गासनी, २ डिसेंबर २००४

चि. गुलफशा हिला रतनबाई हिचा आशीर्वाद. हितं समदी खुशाल हाईत, तुझी खुशाली कळवत जा.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला कारण राग आला होता. तुझा न्हाई, माझाच. तुझं पद गेलं असं शफीभाऊ सांगून गेले, त्या दिवशी जेवण गेलं न्हाई. मग ठरवलं, आता जे हाय ते लिहायचं. आजवर मॅडम म्हणायचे म्हणून तोंड उघडत नव्हतं. आता न्हाई म्हणत.

वजन दर सोमवारी असतं. रविवारीच ये, शेवटची एसटी चुकवू नको. चांगल्या चपला घालू नको. आमच्या घरी ऱ्हायचं, शेजारच्या फुलाबाईनं तिच्याकडं चल म्हटलं तरी न्हाई. तिच्या घरात ढेकूण हाईत आणि ती सांगणार न्हाई.

आता ऐक. पेनाला भोक पाडून दोरी बांध, पोरं चावतात. अक्षर एवढं बारीक का काढलंस, तुला चाळिशी लागली न्हाई म्हणून? वजन लिहिल्यावर ते खरंच लिहिलं गेलं का, ते कळत न्हाई, शाईचं कळतं. पोराच्या नावाच्या आधी गावाचं नाव विचारती, मला माझं गाव म्हाईत हाय. आणि दर खेपेला धन्यवाद म्हणती. तीस पोरं तोलताना तीस वेळा धन्यवाद कशाला, तेवढ्यात दोन पोरं तोलून होतात.

वाईट वाटून घेऊ नको आणि वही जाडजूड आण. म्या अजून निम्मं बी सांगितलं न्हाई.

तुझी
रतनबाई