निळ्या टिकलीची तारीख

दि. १ मार्च

चि. शहाणीस,

अ. उ. आ. रीत आहे म्हणून लिहिते. एरवी आज आशीर्वाद द्यावेत असं तू काही केलेलं नाहीस.

तुझ्या प्रबंधाचं प्रकरण पोचलं. शब्दकोश शेजारी घेऊन तीनदा वाचलं. तुझे मामा पाणीपुरवठ्यात व्हॉल्वमन होते, हे पहिल्याच ओळीत लिहिलंस ते बरं केलंस. जलाशयापासून गावापर्यंतची पाइपलाइन ते रोज पायी चालायचे आणि बांधावर काय, कुठे, कधी फुललं ते टिपायचे. वर्षाला एक वही, एकवीस वर्षं. शास्त्रीय नावं येत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःची ठेवली: निळी टिकली, शेपटं, म्हातारीचे केस. त्या नावांच्या जिवावर तू शास्त्रज्ञ व्हायला निघालीस, आणि एकतिसाव्या पानावर लिहितेस, एकविसावी वही विश्वासार्ह नाही, नोंदी घरी बसून रचलेल्या असाव्यात.

घरी बसून! त्या वर्षी माणूस अंथरुणाला खिळला होता. फुप्फुसं गेली होती. तू दोनदा आलीस, दोन्ही वेळा खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाहीस.

ते गेल्यावर वह्या नेताना तळहाताच्या फोडासारख्या जपीन म्हणाली होतीस. परत पाठव. सगळ्या.

लोभ हवा असेल तर आधी ते पान फाड.

तुझी मामी


दि. ५ मार्च

ती. मामीस,

सा. न. वि. वि. मामांवर माझा राग नाही असं लिहिणार होते. पण आहे.

दोन वर्षं मी त्या वह्यांवर काम केलं. पहिल्या वीस वह्या सांगतात की बांधावरची फुलं पूर्वीपेक्षा अकरा दिवस आधी यायला लागली आहेत. ऊन वाढतंय, जमीन लवकर तापतेय, हे त्यातून सिद्ध होतं. आणि एकविसावी वही सगळं पुन्हा मागे नेऊन ठेवते. का, ते शोधलं. तिच्या त्रेचाळीसच्या त्रेचाळीस तारखा पाचव्या वहीतल्या आहेत. झाडं म्हणजे काही कचेरी नव्हे, ठरल्या दिवशी उघडायला.

मग पंपघरावर गेले. मामांचा जोडीदार, तो पंपचालक, म्हणाला की मामांच्या शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीत नवीन पाइप टाकताना चार नंबरच्या व्हॉल्वपाशी सगळं खणलं आणि वर सिमेंट ओतलं. मामांची नोंद ९ मार्चची आहे: चार नंबरचा व्हॉल्व, निळी टिकली, रंग जरा फिका. सिमेंटवर काय फुललं, मामी?

अक्षर त्यांचंच आहे. एरवी प्रत्येक नोंदीआधी ते काळं भरीव टिंब द्यायचे. या वहीत नुसते पोकळ गोल. टिंब भरायचाही कंटाळा केलेला दिसतो.

माया पातळ झाली असेल तर तसं कळव.

तुझी भाची


दि. ८ मार्च

चि. शहाणीस,

आशीर्वाद मागच्या पत्रातलेच पुरवून वापर.

हा तिरकसपणा तुझ्या वडलांच्या घरचा. आमच्याकडे माणसं तोंडावर भांडायची. तो पंपचालक दर रविवारी ह्यांच्या उशाशी बसून तोंडाचा पट्टा चालवायचा, आता तुझ्यापुढे चालवतो. तुझ्या मामांनी जन्मात खोटं लिहिलं नाही. आठवड्याच्या आत वह्या आल्या नाहीत, तर तुझ्या कॉलेजात येऊन दारात बसेन. शिलाई मशीनवर अर्धं आयुष्य बसून काढलंय, तिथेही जमेल.

मामी


दि. १२ मार्च

ती. मामीस,

सा. न. वि. वि. दारात बसायला येणार असलीस तर ३१ तारखेच्या आत ये. त्या दिवशी प्रबंध द्यायचा आहे.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी स्पष्ट सांगितलं. शेवटची वही कशी लिहिली गेली हे कळलं नाही, तर एकवीसच्या एकवीस वह्या गाळायच्या. जो एकदा रचतो त्यानं वीस वेळा रचलं नसेल कशावरून, असं त्या म्हणाल्या. संदर्भसूचीतून मामा जातील. ते बांधावर कधी चाललेच नाहीत, असं होईल.

तुला काही ठाऊक असेल तर लिही. नसेल तर वह्या पार्सलनं येतील, आणि आपलं बोलणं तिथेच संपलं.

भाची


दि. १६ मार्च

चि. शहाणीस,

अ. उ. आ. अजून मनापासून नाहीत, पण खोटेही नाहीत.

खोटं मी बोलले. रोज चार वाजता ते मला बांधावर पिटाळायचे. आठ दिवस गेले. मग गुडघे बोलायला लागले, आणि मी कोपऱ्यावरच्या वाचनालयात खिडकीशी बसायला लागले. तास झाला की घरी. तारखा मी पाचव्या वहीतून पाठ करायचे, तिच्यातलं अक्षर मोठं आहे. मी सांगितलेलं ते उशीला टेकून लिहायचे. दिवसभरात तो एकच तास माझा होता. मला लाज खोट्याची वाटत नाही. त्या तासात बरं वाटायचं, त्याची वाटते.

आता तू लिहिलेला टिंबांचा कंटाळा. आठव्या वहीतला जून काढ. ह्यांचा पाय मुरगळला होता, नऊ दिवस पंपचालक सांगायचा आणि हे लिहायचे. त्या नऊ दिवसांपुढे पोकळ गोल आहेत. त्यालाच विचार. भरीव म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, पोकळ म्हणजे कुणी सांगितलं. प्राथमिक स्रोत, दुय्यम स्रोत यावर तू चार पानं खर्चलीस. त्यांचं एका गोलात भागलं.

आणखी एक, जे मला तुझ्या पत्रानं कळलं. त्या फेब्रुवारीत पंपचालक दर रविवारी नव्या पाइपाशिवाय दुसरं बोलत नव्हता. मी मशीनवर असायचे, लक्ष नसायचं. म्हणजे तिथे सिमेंट आहे, हे ह्यांना ठाऊक होतं. ९ मार्चला त्यांनी मला विचारलं की यंदा निळ्या टिकलीचा रंग कसा आहे. मी म्हटलं, जरा फिका. त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मला वाटलं, दम लागलाय. मग त्यांनी गोल काढला आणि लिहिलं.

ते पान फाडू नकोस, दुरुस्त कर. एकविसावी वही: सांगणारी, त्यांची बायको; पाहिलेलं काही नाही. तुझ्या बाईंना हे पत्र दाखव. वीस वह्या तुझ्याकडे राहू देत. एकविसावी तेवढी मला पाठव.

लोभाचं पुढे बघू. काल मी तिथवर चालत गेले, जाऊन-येऊन सव्वा तास लागला. नोंद घे. १५ मार्च, चार नंबरचा व्हॉल्व, निळी टिकली नाही. आधी भरीव टिंब दे.

तुझी मामी