पिवळी गाडी तू निवडलीस

माझ्या आये,

तू गेल्याला चार वर्षं झाली. एवढ्या काळात तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज गॅरेजमधून आलो तो हातसुद्धा नीट न धुता लिहायला बसलोय. कारणच तसं आहे! आपल्या गाडीचं इंजिन आज उघडलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

गॅरेजच्या मेस्तने इंजिनाचं हेड काढलं, आत टॉर्च मारली, झीज कुठे दिसेना, तसा माझ्याकडे बघत राहिला. "गुरुनाथ, खरं सांग, ह्याच्या आधी कुठे खोलून घेतलं होतंस?" मी म्हटलं, कुठेच नाही. "मग ही गाडी निवडली कोणी रे?"

मी म्हणालो, "आवशीन, माझ्या आयेन."

सगळे हसले. त्यांना वाटलं मी मस्करी करतोय. त्यांचं तरी काय चुकलं? अकरा वर्षं मीच सगळ्यांना वेगळं सांगत आलोय.

तुला आठवतं, मी चौदा वर्षं खाणीवर दुसऱ्याचा टिपर चालवून शेवटी म्हणालो होतो की आता स्वतःची गाडी घेणार, लांबच्या भाड्याची? तू चहाची किटली खाली ठेवलीस आणि एवढंच म्हणालीस, "घे. पण माका इचारून घे."

मला हसू आलं होतं. डिचोलीच्या रस्त्याला, गॅरेजांच्या रांगेसमोर तुझं दुकान. चहा, पातळ भाजी आणि उंडे पाव. सायकलसुद्धा न चालवलेली बाई मला ट्रक शिकवणार!

फोंड्याच्या शोरूमला तू माझ्याबरोबर आलीस. धुतलेलं, पण कोपराकडे तेलाचे डाग राहिलेलं लुगडं होतं तुझ्या अंगावर. आत काचेचं टेबल, थंडगार हवा, टाय लावलेला साहेब. आणि मी तुला काय म्हणालो? "आये, तू भायर बस." हे आठवलं की अजून मान खाली जाते. तू दाराबाहेरच्या पायरीवर बसलीस.

एकाच कंपनीच्या दोन दहाचाकी होत्या. पांढरी नवीन, मोठ्या इंजिनाची, केबिन तर एखाद्या हॉटेलच्या खोलीसारखी. पिवळी जुन्याच धाटणीची, ताकद कमी. साहेब पांढरीबद्दल बोलत होता आणि मी मनातल्या मनात तिच्या कपाळावर तुझं नाव रंगवत होतो.

तेवढ्यात दार उघडून तू आत आलीस. पायरीवर कुठली बसतेस तू! मागच्या वर्कशॉपला फेरी मारून आली होतीस. सरळ टेबलाशी येऊन म्हणालीस, "झिला, मागे चार पांढऱ्यो उभ्यो असत. पिवळी एकच, ती पण टायर बदलूक इली हा."

साहेबाने पांढरीचं ॲव्हरेज सांगायला सुरुवात केली. तू त्याला मध्येच थांबवलंस. "रिकामी गाडी खंयचीय धावता, साहेब. भरून घाट चडताना डिझेल किती खाता, तां सांगा. आणि पार्ट मोडलो तर गावता खंय?"

पार्ट पुण्याहून मागवू, असं तो म्हणाला. घाटाचं विचारलं तर त्याने पुन्हा केबिनचे फोटो पुढे सरकवले.

परत येताना बसमध्ये मी तुला सोडून मागच्या सीटवर बसलो. मला लाज वाटली होती गं! तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. मला वाटलं, रागावलीस. तू तर बेत आखत होतीस!

दोन दिवसांनी विठू आणि आंतोन मला शोधत घरी आले. विठू पेडण्याचा, त्याच्याकडे पांढरी, आंतोनकडे पिवळी. दोघंही वर्षानुवर्षं तुझ्याकडे चहा पिणारे. "आयेने सांगितलंय, एकेक फेरी तुला द्यायची," आंतोन म्हणाला. दोन्ही गाड्यांना खताची पोती, तेवढीच. टाकी गळ्यापर्यंत भरायची, चोर्ल्याचा घाट चढून बेळगाव, येताना रिकामं, आणि त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत. दोन्ही वेळा स्टिअरिंग माझ्याच हातात. का, तर ॲक्सिलरेटरवर पाय एकच हवा! हे तुला सुचलं कुठून? गिऱ्हाइकांचं बोलणं तू नुसतं ऐकत नव्हतीस, गाळून ठेवत होतीस.

आणि दोन्ही वेळा तू केबिनमध्ये. बासष्टाव्या वर्षी! चढायला उंच म्हणून विठूने घरून स्टूल आणलं होतं. पदर खोचून तू अशी बसलीस की जणू रोजचंच आहे.

पांढरी घाट सपाट रस्त्यासारखा चढली. मी खूश, विठू खूश. तू मात्र तापमानाच्या काट्याकडे बघत होतीस.

चार दिवसांनी पिवळी. वळणावळणाला दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. मी चिडून म्हणालो, "बघतेस ना, कशी रांगते ती?" माथ्यावर पोचल्यावर तू शांतपणे विचारलंस, "चडली मा?"

चढली होती. काटा होता तिथेच होता, इंजिन तापलं नव्हतं. आणि पंपावर कळलं, पांढरीने नऊ लिटर जास्त प्यायलं होतं. एका फेरीला नऊ लिटर!

"वीस मिन्टां आधी पोचान तू बेळगावात काय करतलंय?" तू विचारलंस. मी पिवळी घेतली.

नंतर काय झालं ते तू पाहिलंसच. विठूची पांढरी पुणे रोडला एका पार्टसाठी नऊ दिवस उभी होती. आपल्या गाडीला जे लागलं ते निपाणीत मिळालं, हुबळीत मिळालं, डिचोलीच्या बाजारात तर हाकेवर. खाणी बंद पडल्या, दारादारात टिपर गंजायला लागले. आपली गाडी मात्र एक आठवडा रिकामी राहिली नाही.

आणि तरी, आये, पहिल्याच दसऱ्याला मी काय केलं! गाडीची पूजा झाली, ड्रायव्हर जमले, कोणीतरी म्हणालं, गुरुनाथा, निवड भारी रे तुझी. आणि मी छाती काढून म्हणालो, "चौदा वर्षं स्टिअरिंग धरलंय. नजर तयार होते." तू मागेच उभी होतीस, पोह्यांच्या बश्या वाटत. तू ऐकलंस. हसलीस, आणि पुढची बशी पुढच्या माणसाला दिलीस.

का गं गप्प राहिलीस? घरी आल्यावर तरी बोलायचंस! मी वाट बघत होतो. तू बोलली असतीस तर मी त्याच दिवशी सुटलो असतो.

पण एक सांगू? तू गेलीस त्या दिवशी दुकानापासून पार गॅरेजांच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. भाडी सोडून आले होते सगळे. तुझ्याएवढा मान आमच्या लाईनीत मी कोणाला मिळालेला पाहिला नाही. माझी आई होतीस तू, माझी!

गेल्या आठवड्यात मोपा गावचा एक जण माझ्याकडे आला. पहिलीच गाडी घेतोय, कुठली घेऊ म्हणून विचारत होता. मी म्हटलं, सोमवारी ये, बायकोलाही आण. ती दारातच उभी होती. "मला गाडीतलं काय कळतं, भाऊ?" म्हणाली. मी म्हटलं, "वहिनी, केबिनमध्ये बसा. घाट संपेपर्यंत कळेल."

सगळे तुला आयेच म्हणत आले. तुझं नाव फारच थोड्यांना ठाऊक. म्हणून शब्द देतो. सोमवारी माथ्यावर गाडी थांबवीन आणि त्या दोघांना सांगेन की ही परीक्षा माझ्या आईने, सत्यभामा गवस यांनी घालून दिली. त्यानंतर जो विचारेल त्याला, आणि न विचारेल त्यालाही.

तुझा झील,
गुरुनाथ